सगळं मान्य, तरी तुम्ही ते नाही

कुमुद,

आपला वाद अर्धवट राहिला, आणि तो आता मला एकट्यालाच चालवावा लागणार आहे. तेरवी आटोपली. मंजिरी पुण्याला परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आता दुपारचे जरा झोपत जा." कूलर लावून पडतो, झोप येत नाही, आणि मी तुझी बाजू आठवायला लागतो. माझी मला पाठ आहे. तुझी नीट मांडता येत नाही, कारण तू बोलत असायचीस तेव्हा मी माझं उत्तर जुळवत असायचो.

वाद भातावरून सुरू झाला होता. मी तेव्हा अकोल्याला नोकरीला, तू इथे अमरावतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचीस. माझं रोजचं अप-डाऊन. माझं काम पायाचं, म्हणजे पुलांचे आणि इमारतींचे पाये काढायचे. संध्याकाळी बडनेरा स्टेशनावरून घरी पोचायचो तेव्हा तुझा कुकर उतरलेला असायचा आणि वर्गातलं काहीतरी तुझ्या डोक्यात अजून शिजत असायचं. एकदा तू विचारलंस, "प्रभाकर, भात कशामुळे शिजला?"

"गॅसमुळे."

"ते कारण झालं. आधी गॅस पेटला, मग भात शिजला. मी ते नाही विचारून राहिली. आत्ता, या घडीला, हा शिजलेला भात आहे तो कशाच्या बळावर?"

मी झाकण उघडून पाहिलं. "एकेक शीत शिजलेलं आहे, म्हणून."

"हां. याला म्हणतात आधार. यात आधी-नंतर नाही. खालचं आहे म्हणून वरचं आहे. आता सांग, आधार पुरा असला की वरची गोष्ट अटळ असते का?"

माझ्यासारख्या पाया काढणाऱ्या माणसाला हे काय विचारायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची भिंत तडकते. अशी भिंत तडकली की मी खड्ड्यात उतरायचो, आणि दर वेळी खाली काहीतरी कमी निघायचं. मुरूम कमी, खोली कमी, नाहीतर पाणी मुरलेलं. मी म्हटलं, "अटळ असलीच पाहिजे. नसेल तर आधार पुरा नव्हता."

"तू असंच म्हणशील," तू म्हणालीस, आणि ताट वाढलंस.

तुझ्या विषयात या सगळ्याला भारदस्त नावं होती. घरात आपण दोनच शब्द वापरले, आधार आणि अटळ, आणि त्यांच्यावर अख्खा संसार काढला. तुझं सगळ्यात चांगलं उदाहरण हिवरखेडला निघालं, माझ्या मोठ्या बहिणीच्या, आक्काच्या घरी. आपण जेवायला बसलो होतो. तू म्हणालीस, "मला सोड. तू आला, आक्का आल्या, मंजिरी आली. म्हणून सगळे आले. बरोबर? 'सगळे आले' याला या तिघांशिवाय दुसरा आधार नाही. पण हे तिघं येऊनही सगळे आले नाहीत, असं होऊ शकलं असतं. आपलं चौथं कोणी असतं तर?"

"मग 'चौथं कोणी नाही' हेही आधारात धर."

"धरलं. ते कशाच्या बळावर खरं आहे? तू खड्डा खणून मला 'नाही' दाखवशील?"

आक्का म्हणाली, "जेवून घ्या बाप्पा. भाकर थंडी होऊन राहिली."

आक्काला तुझ्या वादांचं काही नव्हतं. तिला खटकायचं ते इतकंच, की तू मला अरे-तुरे करतेस. आपण कॉलेजात एका वर्गात होतो, तेव्हापासूनचं ते. चार माणसांतही तुझ्या तोंडी कधी 'तुम्ही' आलं नाही. आक्का म्हणायची, "नवऱ्याले तू म्हन्ते, कशी व बाई तू." तू हसायचीस.

म्हणून, आपण दोघं निवृत्त झाल्यावर, दिवाळीनंतरच्या त्या दुपारी तू 'ते' म्हणालीस ते कोणाला, हे मला कळायला वेळ लागला.

मी बाजारातून संत्री घेऊन आलो होतो. बेल वाजवली. तू दार उघडलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "ते घरी नाहीत. आपलं काय काम होतं?"

मला वाटलं, थट्टा. मी पिशवी पुढे केली. तू ती संकोचानं घेतलीस, "कशाला आणलंत" म्हणालीस आणि मला बैठकीत बसवलंस. पाण्याचा पेला बशीत ठेवून आणलास, पाहुण्याला देतात तसा. समोरच्या खुर्चीत टोकावर बसलीस आणि पदर सारखा केलास. मी म्हटलं, "कुमुद, पुरे आता." तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. घरात एकट्या असलेल्या बाईला अनोळखी माणसानं नावानं हाक मारली, की तिच्या चेहऱ्यावर यावं तसं. पण तू सभ्यपणा सोडला नाहीस. "तुम्ही त्यांच्यासारखे दिसता," तू म्हणालीस. "अगदी. नात्यातले का?"

मी उठून बाहेर आलो. फाटकाशी उभा राहिलो. कोणाला फोन करावा ते सुचेना, बोटांनी आपोआप तुझाच नंबर लावला. तू उचललास.

"अरे, कुठं आहे तू? केव्हाची वाट पाहून राहिली मी. घरी कोणी गृहस्थ येऊन बसले होते. आत्ता उठून गेले. चेहरा तुझ्याशी इतका मिळतो की मी दचकलीच. लवकर ये."

खिडकीतून तू मला दिसत होतीस. फोन कानाशी, दुसऱ्या हातात माझ्या पिशवीतलं संत्रं. मी "येतो" म्हटलं. फोन ठेवला आणि आत गेलो, आणि तू उभी राहून म्हणालीस, "या. त्यांचाच फोन होता. निघालेत."

अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तू शांतपणे सगळं सांगितलंस. मेंदूचे फोटो निघाले. डॉक्टरांनी आजाराला एक फ्रेंच नाव सांगितलं आणि समजावलं: चेहरा ओळखू येतो, पण ओळखीच्या माणसाला पाहून आत जे हलतं ते हलायचं थांबतं. मग मन ठरवतं, की हा तसा दिसणारा दुसरा कोणी असला पाहिजे. आवाजाची वाट वेगळी असते. ती काहींची शाबूत राहते. तू मान डोलावत ऐकलंस. आभार मानलेस.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तू कप खाली ठेवलास आणि वर्गात बोलायचीस त्या भाषेत मला म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात ते खरं असू शकतं. पण त्यांनी मला असं का वाटतं, त्याचं कारण सांगितलं. तुम्ही प्रभाकर आहात याला आधार काय, ते त्यांनी सांगितलंच नाही."

मला बरं वाटलं, कुमुद. इतक्या दिवसांनी तू वादाला बसली होतीस. मी एकेक मांडायला लागलो. भुवईवरची खूण. माझं लहानपणीचं बाळापूरचं घर. रजिस्टरच्या लग्नात माझा पेन चालला नाही आणि मी तुझ्या पेननं सही केली, ते. मंजिरीचं पाळण्यातलं नाव. तू प्रत्येकाला "मान्य" म्हणालीस. माझ्याकडचं संपलं.

"सगळं मान्य," तू म्हणालीस. "हेच शरीर, ह्याच आठवणी. यात काही कमी आहे असं मी म्हणत नाही. तरी तुम्ही ते नाही." आणि मग, माझी समजूत घातल्यासारखं, "असं होऊ शकतं. मी हे पुष्कळ वर्षं शिकवलेलं आहे."

टेबलावर माशा होत्या. मागून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत मी डबे मोजले. कुठेतरी काही कमी असणार, हे माझं नेहमीचं उत्तर. पण ते आता तुझ्या डोक्यात बोट घालून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्यानं होईना.

आक्का आली ती तुला सरळ करायला म्हणूनच. आल्या आल्या तुझ्यासमोर बसली. "काऊन व कुमुद, हा तुहा नवरा नाही त कोन होय?"

"ते मलाही कळत नाही, आक्का. पण माणूस चांगला आहे."

तिला तू ओळखत होतीस. मंजिरीलाही. फक्त मीच तेवढा बदललेला होतो. दुपारी तू चार ताटं घेतलीस. आक्का म्हणाली, "तीनच आहोत न आपन. सगळे आले." तू म्हणालीस, "प्रभाकर यायचा आहे." आणि चौथ्या ताटात भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, सगळं नीट वाढलंस. आम्ही त्या ताटासमोर बसून जेवलो. आक्काचा घास तोंडातच फिरत राहिला.

जेवण झाल्यावर ती मला अंगणात घेऊन गेली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मले एक सांग. बाळापूरच्या नदीत माही चप्पल वाहून गेली, त तू मले काय म्हन्लं होतं?"

"घरी सांगू नको. माही घालून जाय."

"हो," ती म्हणाली. उत्तर बरोबर होतं. तरी तिची नजर माझ्यावरून हटेना. आणि मलाच, ते सांगताना, कुणीतरी पढवून पाठवल्यासारखं वाटलं. ती ठरलेल्या दिवसाच्या आधीच हिवरखेडला परत गेली.

फोनवर मात्र मी तुझा होतो. मी रोज दुपारी घराबाहेर पडायचो. चौकात, नाहीतर मंदिराच्या ओट्यावर बसून तुला फोन करायचो. तू मला तू म्हणायचीस. भाजीचे भाव सांगायचीस, कुणाशी काय बोलणं झालं ते सांगायचीस. घरातल्या माणसाबद्दलही सांगायचीस. "तो गोळ्या वेळेवर देतो. भाजीत मीठ जास्त टाकते तो, तुझ्यासारखाच. बोलत काही नाही फारसा. बिचाऱ्याचं कोणी नसावं." मी विचारायचो, "त्याला जायला सांगू?" तू म्हणायचीस, "राहू दे. तू येतपर्यंत." मग मी घरी यायचो, आणि तू दारात सांगायचीस, त्यांचा फोन येऊन गेला.

एकदा मला ते सहन झालं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून तुला फोन लावला. तू ओट्याशी उभी होतीस. उचललास. मी म्हटलं, "कुमुद, मागं वळून पाहा. मीच आहे." तू वळलीस. माझे ओठ तुला दिसत होते. आवाज तुझ्या कानात होता आणि दारातही होता. मी बोलत राहिलो, मीच आहे, बघ. तू भिंतीला पाठ लावलीस. माझ्यावरची नजर न काढता, फोनमध्ये अगदी दबक्या आवाजात म्हणालीस, "प्रभाकर, ऐकून राहिला न तू? हा तुह्या आवाजात बोलून राहिला."

मी फोन कापला. त्या क्षणी तुझं कोणीच उरलं नाही. ना तिकडचा, ना इकडचा. तू "हॅलो, हॅलो" करत राहिलीस. मी कडेनं निघून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. ऊन कलेपर्यंत आत आलो नाही. पुन्हा तसं कधी केलं नाही.

त्यानंतर मी पाहुणाच झालो. खरं सांगू, त्यात मला काही मिळालंही. तू पाहुण्याला जे सांगायचीस ते मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. एकदा शेंगा सोलताना म्हणालीस, "त्यांना सांगू नका, पण वाद घालताना पुष्कळदा मला त्यांचंच बरोबर वाटायचं. दोघंही एका बाजूला बसलो असतो तर बोललो काय असतो?" मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिलो.

आणि एकदा, उन्हाळ्यात, पडदे ओढलेले होते, कूलर घरघरत होता, तू म्हणालीस, "आधार पुरा असूनही वरचं नसतं, हे मी पहिल्यांदा वर्गात नाही शिकले. मंजिरी झाली तेव्हा शिकले. बाळ मांडीवर होतं. दूध येत होतं. घर होतं, ते होते, सासूबाई होत्या. आई असायला जे काय लागतं ते सगळं होतं. आणि मी आई नव्हते. दुसऱ्या कोणाचं तरी लेकरू सांभाळायला दिल्यासारखं मी त्याच्याकडे पाहायची. कोणाला सांगितलं नाही. पाहुण्यांसमोर हसायची. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी ते दुपट्यात हात हलवत होतं, आणि मी त्याची आई होते. त्या सकाळी नवीन काही आलं नव्हतं हो. सगळं कालच्याइतकंच होतं."

मी त्या घरातच होतो, कुमुद. संध्याकाळच्या गाडीनं येत होतो, पेढे वाटत होतो. मला काही दिसलं नव्हतं.

मी प्रभाकर असतो तर म्हटलं असतं, शरीरात काहीतरी बदललं असणार, तुला कळलं नसेल. बाळंतपणानंतर होतं असं. आधार बदलला म्हणून वरचं बदललं. पण वाद घालायचा हक्क पाहुण्याला नव्हता. मी विचारलं, "त्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी लगेच दुरुस्त करायला घेतलं असतं," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मंदिराच्या ओट्यावरून तुला फोन केला आणि आडून विचारलं, "मंजिरी झाली तेव्हा तुला फार त्रास झाला का गं?"

"तेव्हा?" तू म्हणालीस. "छान होतं सगळं. काऊन?"

म्हणजे ते अजूनही प्रभाकरला सांगायचं नव्हतं. मी फोन खिशात ठेवला. जे मला ठाऊक होतं ते मला ठाऊक असायला नको होतं. घरी आलो, तू दार उघडलंस, आणि ज्याला ते सांगितलं होतंस त्याच्याकडे ओळखीचं हसलीस.

पण त्या सकाळच्या गोष्टीवर मी जगलो. नवीन काही न येता तू आई झाली होतीस. मग नवीन काही न येता एखाद्या सकाळी मी प्रभाकर होईन, असं मला वाटायला लागलं. ज्या मताला जन्मभर खोडत आलो त्याच्याच आशेवर मी रोज उठायचो, चहा करायचो, तुझ्यासमोर कप ठेवायचो आणि तुझ्या डोळ्यांकडे पाहायचो. तू म्हणायचीस, "थँक्यू हां. कशाला त्रास घेता."

मग तुझ्या हातात फोन राहीना. ऐकलेलं वाक्य संपायच्या आत हरवायला लागलं. त्या दिवसापासून प्रभाकरचा येण्याचा एकमेव रस्ता बंद झाला. तू विचारायचीस, "त्यांचा फोन आला नाही?" मी सांगायचो, "आला होता. तुम्ही झोपल्या होत्या. येताहेत." किती सहज सांगायचो ते. बँकेत सही करताना एकदा माझं नाव लिहायला हात अडला, इतकं.

मंजिरी आली. शेवटचे दिवस ती उशाशी आणि मी पायथ्याशी. एका दुपारी तिला डुलकी लागली होती. तू डोळे उघडलेस आणि मला जवळ बोलावलंस. आवाज अगदी बारीक झाला होता. मी कान लावला.

"ते आले की तुम्ही जाणार?"

मी म्हटलं, "हो. जावं लागेल ना."

तुझ्या कपाळावर आठी आली, वादात यायची तशी. मग माझ्या मनगटावर हात ठेवलास.

"जाऊ नका," म्हणालीस. "दोघंही राहा."

नंतर तू बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

लोकांनी माझ्या हातून सगळं करवून घेतलं. अग्नी, अस्थी, पिंड. आक्का म्हणाली, "भाऊ, रडून घे." रडणं आलं नाही. ते ज्याचं आहे तो अजून पोचायचा आहे, असं काहीतरी वाटत राहिलं, आणि ते मी कोणाला सांगू? आधार पुरा आहे कुमुद. तू नाहीस, आणि घरभर तू नाहीस. तरी जे अटळ असायला पाहिजे ते अजून झालेलं नाही. तू असतीस तर या ठिकाणी थांबून माझ्याकडे पाहिलं असतंस. नुसतं पाहिलं असतंस, जिंकल्याचं काही बोलली नसतीस.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मी राहिलो आहे. दुसऱ्याचं काही कळलेलं नाही.